व्हीएममध्ये माइक चालत नाही? विहिरीपासून सुरू करा, ड्रिपरपासून नाही

मागच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी भाचीचा फोन आला, "मामा, सर म्हणते तुझा आवाजच नाही येऊन राहिला, अन् मी इकडं घसा फाडून राहिली." पोरगी पॉलिटेक्निकला आहे. लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) आहे आणि प्रॅक्टिकलचं एक सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालते म्हणून तिनं व्हर्च्युअलबॉक्स टाकून त्याच्यात विंडोज १० बसवलं होतं, तोंडी परीक्षेची मीटिंग पण तिथूनच लावायची होती. मोबाइलवर बोलली तर आवाज ठणठणीत, उबुंटूवर रेकॉर्ड केलं तरी ठणठणीत, आणि व्हीएममध्ये (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरनं बनवलेला दुसरा कॉम्प्युटर) गेलं की एकदम मुकं. तिनं तोपर्यंत ड्रायव्हर काढून परत टाकले होते, शेजारणीचा हेडफोन आणून पाहिला होता, आता अख्खं विंडोज नव्यानं टाकायच्या बेतात होती. कारण काय निघालं तर एका चौकटीतली बरोबरची खूण, जी कोणी कधी लावलीच नव्हती.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात ऑनलाइन फॉर्म, सातबारा, पीकविमा अशा कामाचं दुकान चालवतो. त्या दिवसापासून हाच प्रॉब्लेम घेऊन कितीतरी पोट्टे दुकानात आले, कोणी लिनक्स शिकून राहिलं, कोणी ऑनलाइन क्लास करून राहिलं, आणि प्रत्येकानं तीच चूक केलेली असते, शेवटच्या टोकाला खटपट. म्हणून सगळं एका जागी नीट लिहून ठेवतो, कोणाची परीक्षा नाहीतर इंटरव्ह्यू याच्यापायी हुकू नये.

पहिले दोन शब्द ठरवून घेऊ. तुमच्या लॅपटॉपवर जी खरी सिस्टीम आहे ती "बाहेरची", आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत जी चालते ती "आतली". इंग्रजीत होस्ट आणि गेस्ट म्हणतात, पण फोनवर समजावताना बाहेरची-आतली म्हटलं की समोरचा गोंधळत नाही.

आता ज्याच्या शेतात ड्रिप आहे त्याला पुढचं लगेच समजेल. कपाशीच्या शेवटच्या तासाला (ओळीला) पाणी नाही पोचलं तर आपण शेवटचा ड्रिपर खोलत नाही बसत, आधी पाहतो मोटर पाणी ओढते का, मग फिल्टर, मग वॉल (व्हॉल्व्ह), मग सबमेन, मग नळी. आवाजाचं तसंच आहे. तोंडातून माइक, माइकमधून बाहेरच्या सिस्टीमचं साउंड कार्ड, तिथून बाहेरच्या सिस्टीमची परवानगी, मग व्हर्च्युअलबॉक्स, मग व्हर्च्युअलबॉक्सनं आतल्या सिस्टीमला दाखवलेलं बनावट साउंड कार्ड, मग आतला ड्रायव्हर, आतली परवानगी, आणि सगळ्यात शेवटी ब्राउजर नाहीतर मीटिंगचं अॅप. यातला एक वॉल बंद असला की पुढं कोरडं. आणि गंमत अशी की कुठलाही वॉल बंद असला तरी स्क्रीनवर एकच दिसते, आवाज नाही. म्हणून विहिरीकडून चालत यायचं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तपासायची, फरक नाही पडला तर ती परत होती तशी करायची. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि चालू झालं तर काहून झालं ते कळणार नाही, आणि पुढच्या वेळी परत तेवढेच दोन तास जातील.

सुरू करायच्या आधी एक विचार करा

मीटिंग खरंच व्हीएमच्या आतूनच पाहिजे का? बरेचदा नाही लागत. मीटिंग बाहेरच्या सिस्टीममध्ये लावा, माइक तिथं चालतोच आहे, आणि स्क्रीन शेअर करताना व्हर्च्युअलबॉक्सची खिडकी शेअर करा. समोरच्याला आतलं काम दिसते, तुमचा आवाज थेट जातो, लॅपटॉपवर लोड पण कमी. परीक्षा अर्ध्या तासावर आली असेल तर हेच करा, बाकीचं नंतर वाचा.

आणि दुसरं, पहारा ठेवणारी जी ऑनलाइन परीक्षेची सॉफ्टवेअर असतात त्यातली बरीच व्हीएम ओळखतात आणि चालूच होत नाहीत. तिथं माइक दुरुस्त करून काही उपयोग नाही आणि लपवाछपवी करायला जाऊ नका, पेपर रद्द होऊ शकते. त्याच्यासाठी सरळ खरा विंडोज असलेला लॅपटॉप मागून आणा.

विहीर: माइक स्वतः चालतो का

व्हर्च्युअलबॉक्स पूर्ण बंद करा. बाहेरच्या सिस्टीममध्ये बोलून पाहा. विंडोज ११ असेल तर सेटिंग्स, सिस्टीम, साउंड, तिथं इनपुटमध्ये आपला माइक उघडला की टेस्टचं बटन आहे, ते दाबून बोला. विंडोज १० मध्ये त्याच साउंडच्या पानावर निळी पट्टी हलते. उबुंटूत सेटिंग्समध्ये साउंड, इनपुट, तिथं पण पट्टी आहे. पट्टी नुसती हलणं पुरेसं नाही, पाच-दहा सेकंद रेकॉर्ड करून ऐका, कारण कूलरच्या आवाजानं पण पट्टी हलते आणि आपल्याला वाटते माइक चालू आहे.

इथंच आवाज नसेल तर व्हीएमचा काही दोष नाही. हे पाहा:

इअरफोनची पिन हातात घेऊन उजेडात धरा. पिनवर काळ्या रिंगा किती आहेत ते मोजा. तीन रिंगा म्हणजे चार भाग, त्यात माइकची लाइन आहे. दोनच रिंगा असतील तर तो फक्त ऐकायचा आहे, त्याला माइकच नाही, कितीही सेटिंग करा. लॅपटॉपला बहुतेक एकच भोक असते जे दोन्ही काम करते, पण जुन्या डेस्कटॉपला गुलाबी आणि हिरवं अशी दोन असतात, मोबाइलचा तीन रिंगांचा इअरफोन त्या गुलाबी भोकात घातला तर माइक चालत नाही. त्याला एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दोन पिना असलेली स्प्लिटर वायर मिळते, ती घ्या, फार महाग नसते.

लॅपटॉपचा आतला माइक बहुतेक कॅमेऱ्याच्या बाजूला बारीक छिद्रात असते. आमच्याकडं कॅमेऱ्यावर कागदाची पट्टी चिकटवायची पद्धत पडली आहे आणि ती पट्टी बरेचदा माइकच्या छिद्रावर पण जाते. काढून पाहा. तुरीच्या नाहीतर सोयाबीनच्या मळणीच्या दिवसात घरभर भुसा उडते, तो त्या छिद्रात आणि जॅकमध्ये बसते. कोरड्या मऊ ब्रशनं साफ करा, सुई घालू नका, आतला पडदा फाटला की माइक गेला.

हेडसेटच्या वायरवर सरकवायचं बटन असते तेही पाहा, आणि काही लॅपटॉपच्या कीबोर्डवर माइक बंद करायचं बटन असते ज्यावर बारीक लाइट लागते. लाइट लागला म्हणजे माइक बंद आहे, बरेच जण उलटं समजतात.

मोटर ते मेन लाइन: बाहेरच्या सिस्टीमची परवानगी

माइक बाहेर चालतो, आता व्हर्च्युअलबॉक्सला तो घ्यायची परवानगी आहे का पाहायचं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्स, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मायक्रोफोन. विंडोज १० मध्ये सेटिंग्स, प्रायव्हसी, मायक्रोफोन. सगळ्यात वरचं बटन चालू पाहिजे, आणि खाली डेस्कटॉप अॅप्सना माइक वापरू द्यायचं वेगळं बटन आहे, ते पण चालू पाहिजे. व्हर्च्युअलबॉक्स डेस्कटॉप अॅपमध्ये मोडते, म्हणून वरच्या यादीत त्याचं नाव शोधत बसू नका, तिथं नसतेच. मॅकवर सिस्टीम सेटिंग्समध्ये प्रायव्हसीत मायक्रोफोनच्या यादीत व्हर्च्युअलबॉक्सच्या नावापुढचं बटन चालू करा आणि अॅप बंद करून परत उघडा. उबुंटूवर अशी वेगळी परवानगी सहसा आडवी येत नाही.

मग डीफॉल्ट माइक. व्हर्च्युअलबॉक्स तुम्हाला कोणता माइक पाहिजे ते विचारत नाही, बाहेरच्या सिस्टीमचा जो डीफॉल्ट असेल तोच उचलते. ब्लूटूथ इअरबड कधीतरी जोडले होते आणि तेच डीफॉल्ट राहिले, इअरबड डबीत बंद पडलेले आणि व्हीएम त्यांच्यातून आवाज ऐकायची वाट पाहून राहिलं, असं दुकानात दोनदा सापडलं. म्हणून विंडोजमध्ये विंडोज की आणि आर दाबून एमएमसिस डॉट सीपीएल (mmsys.cpl) टाइप करा, रेकॉर्डिंगच्या टॅबमध्ये जा, पाहिजे तो माइक निवडून सेट डीफॉल्ट दाबा. शेजारी हिरव्या कांड्या आहेत त्या बोलताना वर चढल्या पाहिजे.

एक चांगली खूण सांगतो जी मला फार उशिरा समजली. आतल्या सिस्टीममध्ये रेकॉर्डिंग सुरू करा आणि नजर बाहेरच्या सिस्टीमवर ठेवा. बाहेर विंडोज असेल तर खाली टास्कबारवर घड्याळाजवळ माइकचं बारीक चिन्ह येते, त्यावर बाण नेला की कोण माइक वापरून राहिलं ते दिसते. उबुंटूतही वरच्या पट्टीत माइकचं चिन्ह येते. चिन्ह आलं म्हणजे व्हीएम माइक वापरून राहिलं, बाहेरची परवानगी ठीक आहे, अडचण बहुतेक डीफॉल्ट माइकमध्ये आहे. चिन्ह आलंच नाही तर माइक व्हीएमपर्यंत पोचलाच नाही, अडचण बाहेरच्या परवानगीत, पुढच्या पायरीत नाहीतर आतल्या सिस्टीममध्ये. एका मिनिटात अर्धा रस्ता वगळता येते.

मुख्य वॉल: व्हर्च्युअलबॉक्सचं ऑडिओ सेटिंग

भाचीचं इथंच अडलं होतं, आणि माझ्याकडं आलेल्या केसेस पण सगळ्यात जास्त इथंच सापडल्या. व्हर्च्युअलबॉक्समध्ये आवाज बाहेर ऐकू येणं आणि माइकचा आवाज आत जाणं हे दोन वेगळे वॉल आहेत. नवीन मशीन बनवलं की ऐकायचा वॉल उघडा असते आणि माइकचा बंद असते, मुद्दाम, म्हणजे आतली सिस्टीम तुमच्या घरातलं बोलणं न विचारता ऐकू नये. म्हणून यूट्यूब छान ऐकू येते, पोरगं म्हणते साउंड तर चालू आहे, आणि माइक मात्र मेलेला.

करायचं असं. आतली सिस्टीम पूर्ण शटडाउन करा. पूर्ण म्हणजे पूर्ण, खिडकीची फुली दाबून सेव्ह द मशीन स्टेट केलं असेल तर ते शटडाउन नाही, ते झोपवणं आहे, आणि तसं असलं की बऱ्याच सेटिंग फिक्कट दिसतात, बदलता येत नाहीत. अशा वेळी मशीन परत चालू करून आतून नीट बंद करा.

मग मशीन निवडून सेटिंग्स, ऑडिओ. एनेबल ऑडिओवर खूण आहे का पाहा. होस्ट ऑडिओ ड्रायव्हर डीफॉल्टवर राहू द्या. खाली एनेबल ऑडिओ इनपुट असेल, त्यावर खूण लावा. नवीन व्हर्जनमध्ये काही सेटिंग लपलेल्या असतात, नाही दिसली तर त्या खिडकीत बेसिकच्या जागी एक्स्पर्ट निवडा.

मशीन चालू असतानाही हा वॉल उघडता येते: वरच्या मेनूत डिव्हाइसेस, ऑडिओ, ऑडिओ इनपुट. परीक्षेच्या मधात अडलं तर हाच रस्ता, रीस्टार्ट लागत नाही. आणि मशीन चालू झाल्यावर तुम्ही हेडसेट लावला असेल आणि तो पकडला जात नसेल, तर हेच ऑडिओ इनपुट एकदा बंद करून परत चालू करा, बरेचदा तेवढ्यानं नवीन माइक पकडते.

आता ऑडिओ कंट्रोलर. हे बनावट साउंड कार्ड कोणत्या जातीचं दाखवायचं ते ठरवते. तीन पर्याय असतात. आत विंडोज ७ नाहीतर त्यानंतरचं असेल तर इंटेल एचडी ऑडिओ घ्या. आत विंडोज एक्सपी असेल, जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी काही दुकानदार अजून ठेवतात, तर आयसीएच एसी९७. साउंडब्लास्टर १६ फारच जुन्या सिस्टीमसाठी आहे, तिकडं जाऊ नका. नवीन विंडोजला एसी९७ चा ड्रायव्हर सोबत येत नाही, म्हणून चुकीचं कार्ड निवडलं तर आत स्पीकरच्या चिन्हावर लाल फुली दिसते. आत लिनक्स असेल तर दोन्ही चालतात, एकात खरखर असली तर दुसरं लावून पाहा.

गेस्ट अॅडिशन्स, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सचं आतल्या सिस्टीममध्ये टाकायचं जोड-सॉफ्टवेअर, त्याबद्दल पण सांगून टाकतो कारण प्रत्येक जण आधी तेच परत टाकत बसते. ते स्क्रीन मोठी होणं, माउस, शेअर्ड फोल्डर याच्यासाठी आहे. असू द्या, चांगलं आहे, पण माइकसाठी त्याच्या मागं लागू नका.

सबमेन: आतली सिस्टीम

आत विंडोज असेल तर वर बाहेरच्यासाठी जे केलं तेच आत परत करायचं, प्रायव्हसीतली दोन्ही बटनं आणि रेकॉर्डिंगच्या टॅबमधला डीफॉल्ट. लोक म्हणतात मी तर परवानगी दिली आहे, पण ती बाहेर दिलेली असते, आतलं विंडोज वेगळं घर आहे, त्याचं कुलूप वेगळं.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, आत तुमच्या हेडसेटचं नाव दिसणार नाही. आतल्या विंडोजला फक्त बनावट कार्ड दिसते, नाव हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस असं काहीतरी असेल. पोट्टे आपल्या हेडसेटच्या कंपनीचं नाव शोधत बसतात आणि नाही दिसलं की ड्रायव्हर डाउनलोड करायला लागतात. त्या कंपनीचा ड्रायव्हर आत टाकायची काही गरज नाही. यादीत माइक आणि लाइन इन अशा दोन नोंदी असतील तर दोन्हीवर बोलून पाहा, ज्याच्या कांड्या हलतात तो डीफॉल्ट करा. यादी पूर्ण रिकामी असेल तर रिकाम्या जागेवर राइट क्लिक करून बंद डिव्हाइस दाखवा म्हणायचं, तिथं लपलेला असू शकते, त्यावर राइट क्लिक करून एनेबल.

आत उबुंटू, मिंट वगैरे असेल तर आधी सेटिंग्समधलं साउंडचं पान पाहा. तिथं कळलं नाही तर टर्मिनल उघडा, अल्सामिक्सर (alsamixer) टाइप करा, सगळी अक्षरं स्मॉल, मधात स्पेस नाही. काळ्या स्क्रीनवर उभे खांब दिसतील. हे ऐकायचे खांब आहेत, माइकचे नाही. एफ४ दाबा, मग माइकचे खांब येतात. कॅप्चर नावाच्या खांबाखाली कॅप्चर असं लाल अक्षरात दिसलं पाहिजे, नाही दिसलं तर बाणानं त्यावर जाऊन स्पेस दाबा. कुठं खांबाखाली एमएम दिसते का पाहा, ते म्यूटचं चिन्ह आहे, एम दाबलं की जाते. वरचा बाण दाबून खांब सत्तर-ऐंशीपर्यंत न्या आणि एस्केप दाबून बाहेर या. एकदा वरोऱ्याकडच्या एका पोरासोबत फोनवर मी अर्धा तास घातला, तो सारखा म्हणे "दादा सगळं फुल आहे", आणि तो सगळा वेळ ऐकायचेच खांब पाहून राहिला होता, एफ४ दाबल्यावर दिसलं की कॅप्चरचा खांब शून्यावर.

दुसरं एक कामाचं आहे पॅवुकंट्रोल (pavucontrol), पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल या नावानं सॉफ्टवेअरच्या यादीत मिळते. उबुंटूनं २२.१० पासून आणि फेडोरानं ३४ पासून आत पाइपवायर नावाची आवाजाची नवी यंत्रणा आणली, तरी हे चालतेच. त्यातला इनपुट डिव्हाइसेस टॅब पाहा, पट्टी हलते का. आणि बाहेर उबुंटू असेल तर तिथंही हे टाका, आत रेकॉर्डिंग चालू असताना रेकॉर्डिंग टॅबमध्ये व्हर्च्युअलबॉक्सची ओळ दिसते आणि तिथूनच त्याला दुसरा माइक देता येते. माझ्या मते उबुंटूवाल्यांसाठी यापेक्षा सोपा रस्ता नाही.

शेवटची नळी: ब्राउजर आणि अॅप

आत साध्या रेकॉर्डरमध्ये आवाज येतो आणि मीटिंगमध्ये नाही, तर अडचण फक्त अॅपमध्ये आहे, मागं जाऊ नका. क्रोममध्ये पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून मायक्रोफोनला परवानगी आहे का पाहा, कधी घाईत ब्लॉक दाबलं गेलेलं असते आणि मग ते परत विचारत नाही. पत्ता एचटीटीपीएसचा पाहिजे, साध्या एचटीटीपीच्या साइटला ब्राउजर माइक देतच नाही, कॉलेजच्या आतल्या नेटवर्कवरच्या साइटवर हे होते. मग मीटिंगच्या सेटिंगमध्ये कोणता माइक निवडला आहे ते पाहा आणि पान रिफ्रेश करा.

सगळं करून झालं तरी नाही, तर यूएसबी

यूएसबीचा हेडसेट असेल तर तो बाहेरच्या सिस्टीमकडून काढून सरळ आतल्याच्या हातात देता येते. चालू मशीनमध्ये डिव्हाइसेस, यूएसबी, आणि यादीत हेडसेटवर क्लिक. त्या क्षणी बाहेर तो दिसणं बंद होते, घाबरू नका, एका वेळी एकाकडेच राहते. मशीनच्या सेटिंगमध्ये यूएसबी कंट्रोलर २.० किंवा ३.० निवडलेला पाहिजे. व्हर्च्युअलबॉक्स ७.० पासून, म्हणजे २०२२ पासून, हे सोबतच येते, त्याआधीच्या व्हर्जनला एक्स्टेन्शन पॅक वेगळा टाकावा लागते आणि तो नेमका त्याच व्हर्जनचा लागते. बाहेर लिनक्स असेल आणि यादी रिकामी दिसत असेल तर तुमचं यूजर व्हीबॉक्सयूजर्स (vboxusers) या ग्रुपमध्ये नाही, टाका आणि लॉगआउट करून परत या, नुसती खिडकी बंद करून होत नाही.

पण हा रस्ता मी शेवटी सांगतो कारण आवाजाचा डेटा यूएसबीवर ठरलेल्या वेळेवर सतत जावा लागते आणि व्हीएममध्ये ती वेळ चुकते, मग खरखर होते. ऑडिओ इनपुटचा साधा रस्ता चालत असेल तर तोच ठेवा.

व्हीएमवेअर आणि हायपर-व्ही वाल्यांसाठी

व्हीएमवेअर वर्कस्टेशन हे व्हर्च्युअलबॉक्ससारखंच दुसरं सॉफ्टवेअर, नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांना फुकट आहे, म्हणून आता बरेच जण त्यावर गेले. तिथं माइकचा वेगळा वॉल नाही, सेटिंग्समध्ये साउंड कार्ड, त्यावर कनेक्टेड आणि कनेक्ट अॅट पॉवर ऑन दोन्ही खुणा, बस. साउंड कार्डच यादीत नसेल तर अॅड करून घ्या.

हायपर-व्ही म्हणजे विंडोजची स्वतःची व्हीएमची सोय, तिचं मात्र वेगळं आहे. तिथं आतल्या सिस्टीमला बनावट साउंड कार्ड मिळतच नाही, आवाज रिमोट डेस्कटॉपच्या रस्त्यानं जातो, म्हणून एन्हान्स्ड सेशन चालू पाहिजे. जोडताना स्क्रीनचा आकार विचारणारी खिडकी येते, तिथं शो ऑप्शन्स, लोकल रिसोर्सेस, रिमोट ऑडिओच्या सेटिंग्स, आणि रेकॉर्डिंगखाली रेकॉर्ड फ्रॉम धिस कॉम्प्युटर निवडा. आत माइकचं नाव रिमोट ऑडिओ असं येईल. आत विंडोज होम असेल तर एन्हान्स्ड सेशन मिळत नाही, प्रो लागते.

आवाज येते पण खराब येते

तुटक-तुटक, रोबोटसारखा येत असेल तर बहुतेक माइकचा दोष नाही, मशीनला दम लागला आहे. आतल्या सिस्टीमला एकच सीपीयू दिला असेल तर दोन द्या, पण लॅपटॉपच्या एकूण कोरच्या अर्ध्यापेक्षा जास्त देऊ नका, बाहेरच्यालाच श्वास नाही राहिला तर आवाज आणखी तुटते. बाहेर विंडोज असेल तर व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसते का पाहा. कासव म्हणजे विंडोजचं हायपर-व्ही मधात बसलं आहे आणि व्हर्च्युअलबॉक्स त्याच्या आडून हळू चालून राहिलं. ते विंडोज फीचर्समधून नाहीतर कोअर आयसोलेशनमधलं मेमरी इंटिग्रिटी बंद करून जाते, पण मेमरी इंटिग्रिटी सुरक्षेची गोष्ट आहे, परीक्षेपुरती बंद करून परत लावा.

आवाज जाड किंवा चिरका येत असेल तर माइकच्या प्रॉपर्टीज, अॅडव्हान्स्डमध्ये बाहेर आणि आत सारखाच फॉरमॅट ठेवा, ४८००० हर्ट्झ. ब्लूटूथ इअरबड लावून फोनसारखा दबका आवाज येणं हा बिघाड नाही, माइक वापरला की ब्लूटूथ कॉलच्या मोडमध्ये जाते, परीक्षेला वायरचाच वापरा.

सतत बारीक घुंsss आवाज येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर बोलून पाहा. गेला? मग अर्थिंगचा प्रश्न आहे, लाइनचा ५० हर्ट्झचा आवाज माइकमध्ये घुसते. आमच्याकडं तीन पिनच्या प्लगची मोठी पिन तोडून दोन पिनच्या बोर्डात घालायची सवय आहे, तसं करू नका. आणि घरातली अर्थिंग असली तरी मे महिन्यात जमीन एवढी वाळते की कोळसा-मीठ टाकलेल्या खड्ड्यात ओलच राहत नाही, त्यात बादलीभर पाणी टाकून पाहा, फरक पडते. वायरिंगला मात्र स्वतः हात लावू नका, वायरमनला बोलवा. परीक्षेच्या वेळेपुरतं तर बॅटरी फुल करून चार्जर काढूनच बसा, तसंही लाइन कधी जाईल सांगता येत नाही.

आणि कूलर. उन्हाळ्यात आमच्याकडं कूलर बंद करणं जमत नाही, पण माइक बूस्ट वाढवून ठेवला असेल तर तो तुमच्या आवाजापेक्षा कूलरच जास्त उचलते, मीटिंगचं अॅप मग कूलर दाबायला जाते आणि सोबत तुमचे अर्धे शब्द पण खाते. लेव्हल्सच्या टॅबमध्ये बूस्ट शून्यावर आणा, फार तर दहा डेसिबल, आणि माइक तोंडाजवळ घ्या. कूलर पाठीमागं नको, बाजूला ठेवा, नाहीतर हवा सरळ माइकवर येते आणि फडफड रेकॉर्ड होते. तोंडी परीक्षेचे दहा मिनिटं भाचीनं कूलर बंद करून ओला गमछा मानेवर घेऊन काढले, आवाज एकदम साफ गेला.

चालू झालं की लगेच आतली सिस्टीम बंद करून एक स्नॅपशॉट घ्या, नाव द्या माइक चालू, म्हणजे उद्या अपडेटनं आतलं काही बिघडवलं तर इथं परत येता येते. आणि मीटिंगच्या अर्धा तास आधी, त्याच जागी बसून, तोच हेडसेट लावून, आत वीस सेकंद रेकॉर्ड करा आणि हेडफोनवर पूर्ण ऐका.